‘हाँटिंग’ला मराठीत काय म्हणायचं : हुरहूर, कातर आणि चकवा

प्रश्न परभणीहून आला आहे. तिथल्या एका हौशी मंडळाने संध्याकाळचा कार्यक्रम केला. आधी एकट्या पियानोचं वादन झालं, मग पडद्यावर अतिवास्तववादी (सर्रिअलिस्ट), म्हणजे ओळखीच्या वस्तू स्वप्नासारख्या मांडणारी चित्रं दाखवली. शेवटी लोकांनी वहीत अभिप्राय लिहिले. इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी ‘हाँटिंग’ हा शब्द संगीतालाही लावला आणि चित्रांनाही. मराठी अहवाल लिहिणाऱ्या बाईंनी संगीतासाठी ‘झपाटून टाकणारं’ आणि चित्रांसाठी ‘गूढ’ असं लिहिलं, पण दोन्ही शब्द त्यांना खटकले. याहून नेमकं काय लिहावं, असं त्या विचारतात.

खटकलं ते योग्यच आहे. आधी ‘झपाटणं’ पाहू. भुताचा अर्थ त्यात आहेच, पण आजच्या मराठीत हा शब्द त्याहून जास्त वापरला जातो तो वेगासाठी आणि झोकून देण्यासाठी. ‘झपाट्याने काम उरकलं’, ‘ध्येयाने झपाटलेला कार्यकर्ता’, ‘झपाटून अभ्यासाला लागला’ ही वाक्यं रोजची आहेत. त्यामुळे ‘झपाटून टाकणारं पियानोवादन’ वाचलं की डोळ्यांसमोर येतो तो बोटांचा धडाका आणि टाळ्यांचा कडकडाट. प्रत्यक्षात त्या संध्याकाळी वाजलं ते संथ होतं, थांबत थांबत जाणारं. शब्दाने चित्र नेमकं उलटं उभं केलं.

मुळात इंग्रजी शब्दातही भूत नंतर आलं. जुन्या फ्रेंचमधल्या ज्या क्रियापदावरून तो इंग्रजीत गेला, त्याचा अर्थ होता एखाद्या ठिकाणी वारंवार जाणं, तिथला राबता ठेवणं. भूत त्याच घरात पुन्हा पुन्हा येतं, म्हणून ते क्रियापद भुताला लागलं. संगीताला हा शब्द लावणारा माणूस भीतीबद्दल बोलत नसतो. सूर परत परत मनात येतात, एवढंच त्याला सांगायचं असतं. म्हणून मराठी शब्द निवडताना भूत सोडून द्यावं आणि ‘परत येणं’ धरून ठेवावं.

हे परत येणं मराठी सहसा विशेषणात ठेवत नाही, ‘राहणे’ या सहायक क्रियापदात ठेवते. ‘मनाला चटका लावून गेलं’ आणि ‘मनात घोळत राहिलं’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात ‘जाणे’ आहे. घाव बसला आणि गोष्ट संपली. शिवाय ‘चटका’ हा शब्द निधनाच्या बातम्यांत इतका वापरला गेलाय की त्याला श्रद्धांजलीचा वास येतो. दुसऱ्या वाक्यात ‘राहणे’ आहे, आणि आपल्याला हवा असलेला अर्थ नेमका तिथे आहे. ‘रुंजी घालत राहिलं’ हेही व्याकरणाने बसतं, पण रुंजी भुंग्याची. तिच्यात गोडवा आहे, सल नाही. आवडलेल्या चालीला ती शोभते.

शब्द पारखायला दोन सोप्या कसोट्या आहेत. पहिली कसोटी म्हणजे ‘दोन दिवस … राहिली’ या रिकाम्या जागेत शब्द घालून पाहणं. ‘दोन दिवस हुरहूर राहिली’ चालतं, ‘दोन दिवस रुखरुख राहिली’ चालतं. ‘दोन दिवस शहारा राहिला’ मात्र कुणी म्हणणार नाही, कारण शहारा, काटा, रोमांच ही क्षणाची कामं. दुसरी कसोटी : त्या शब्दाला ‘कशाची?’ असं विचारायचं. रुखरुख कशाची? करायचं राहून गेलं त्याची. चुटपुट कशाची? हुकलेल्या गोष्टीची. खंतही कारण मागते. हुरहूर मात्र ‘कशाची ते सांगता येत नाही’ हे उत्तर खपवून घेते. पियानो ऐकून उठलेल्या माणसाला नेमकं हेच होतं. काही हरवलेलं नसतं आणि तरी जीव लागत नाही. ‘काहूर’ यालाही कारण लागत नाही, पण काहूर माजतं, उठतं. ती वावटळ आहे, संथ सुरांना फार मोठी.

दोन्ही कसोट्यांना उतरते ती ‘हुरहूर’. आता ती पियानोलाच इतकी का चिकटते, हे पेटीशी तुलना केली की चटकन कळतं. भजनातली पेटी आपल्या कानात मुरलेली आहे. पेटीवर पट्टी दाबून भाता चालवत ठेवला की सूर तसाच उभा राहतो. पियानोत नमदा (दाबलेली लोकर) लावलेली हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते, आणि त्या क्षणापासून सूर विरायला लागतो. वादकाला तो वाढवता येत नाही, मींड घेऊन पुढच्या सुराला जोडताही येत नाही. पट्टी सोडली की नमद्याची गादी तारेवर बसते आणि सूर तुटतो. उजव्या पायाचं पेडल दाबलं तर सगळ्या गाद्या उचललेल्या राहतात, वाजवलेली तार विरत जाते आणि तिच्याशी जुळणाऱ्या न वाजवलेल्या ताराही हळूच बोलू लागतात. म्हणजे श्रोता प्रत्येक सुराचं जाणं ऐकत असतो. पुढचा सूर येतो तेव्हा आधीचा अजून पुरता गेलेला नसतो.

यासाठी मराठीत शब्दांची चणचण नाही, घोटाळा होतो तो निवडीत. अभिप्रायांत ‘गुंजन’ हमखास येतं. गुंजन भुंग्याचं, न थांबणारं. तानपुऱ्याला ते ठीक आहे. ‘निनाद’ला मोठी घंटा किंवा नगारा लागतो. ‘घुमणं’ घुमटाचं, खर्जाच्या सुरांचं. देवळातल्या घंटेचा टोल पडून गेल्यावर जे मागे उरतं त्याला ‘अनुरणन’ म्हणतात. पेडलवर सोडलेल्या सुराला हा शब्द तंतोतंत बसतो. स्वरसमूह (एकत्र वाजणारे सूर, कॉर्ड) बदलताना पेडल वेळेत उचललं नाही तर जुने-नवे सूर एकात एक मिसळतात. त्याला ‘गढूळ’ म्हणावं. पुष्कळ जण त्या गढूळपणालाच ‘स्वप्नवत’ म्हणून जातात, तेव्हा अहवाल लिहिताना कान जरा ताठ ठेवावेत.

दुसरा घोळ ‘उदास’चा. एरिक साती या फ्रेंच संगीतकाराच्या 1888 मधल्या ‘जिम्नोपेदी’ नावाच्या तीन पियानोरचना अशा कार्यक्रमांत हटकून वाजतात. तिन्ही संथच आहेत, पण प्रत्येकीच्या माथ्यावर त्याने वेगळी सूचना लिहिली आहे. पहिली ‘संथ आणि व्यथित’, दुसरी ‘संथ आणि उदास’, तिसरी ‘संथ आणि गंभीर’. ज्याने रचल्या त्यानेच तीन भाव वेगळे केलेत, तर आपण तिन्हींवर ‘उदास’चा शिक्का मारू नये. पहिलीत सुरुवातीची चार आवर्तनं (तीन-तीन मात्रांचे ‘बार’) नुसता डावा हात असतो. पहिल्या मात्रेला खाली एक सूर, दुसरीला वर स्वरसमूह, आणि तिसरी मात्रा तो विरताना ऐकण्यात जाते. चाल पाचव्या आवर्तनात येते, तीही दुसऱ्या मात्रेवर. म्हणजे वाट पाहायला लावणं रचनेतच आहे. ‘हुरहूर लावणारं’ हे वर्णन इथे शब्दशः खरं ठरतं.

आणि ‘उदासीन संगीत’ असं कधीही लिहू नका. उदासीन म्हणजे ज्याला कशाचं काही नाही तो. संतांच्या भाषेत ‘उदास’चाही अर्थ अनासक्त असा असायचा. आज उदास दुःखाकडे गेलाय आणि उदासीन अलिप्ततेकडे राहिलाय. एका अक्षराने श्रोत्याचं गहिवरणं थेट बेफिकिरी होऊन बसतं.

विशेषणच हवं असेल तर ‘कातर’ हा फार देखणा शब्द आहे आणि तो पुरेसा वापरला जात नाही. कातर आवाज म्हणजे रडू फुटायच्या काठावर थरथरणारा आवाज. कातरवेळ म्हणजे दिवस बुडतानाची, जीव नांगी टाकणारी वेळ. शोपँ या पोलिश संगीतकाराच्या प्रिल्यूड्सपैकी (छोट्या पियानोरचनांपैकी) चौथं, अवघ्या 25 आवर्तनांचं, 1839 साली छापलेलं आणि त्याच्या अंत्यविधीत वाजवलेलं, त्याला हा शब्द द्यावा. आपल्या हिशेबाने पाहिलं तर उजवा हात पंचमावर थांबतो, कोमल धैवताला हलकेच स्पर्श करतो आणि पुन्हा पंचमावर येतो. असं कितीतरी वेळा होतं. खाली डाव्या हाताचे स्वरसमूह अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरत राहतात. वरचा सूर जागचा हलत नाही आणि पायाखालची जमीन खचत जाते. कोमल धैवताची ती ओढ आपल्या कानाला परकी नाही, म्हणून पाश्चात्त्य संगीत कधी न ऐकलेल्या माणसालाही इथे गलबलून येतं.

चित्रांकडे येऊ. ‘गूढ’ची अडचण अशी की गूढ उकलतं. शब्दच उकल मागतो. आपल्याकडे मुंगीने आकाशात उडून सूर्य गिळल्याची मुक्ताबाईंची प्रतिमा आहे. ती गूढ खरी, कारण तिच्या पोटात अर्थ आहे आणि तो सांगणारी परंपरा आहे. दाली या स्पॅनिश अतिवास्तववादी चित्रकाराच्या 1931 च्या चित्रात घड्याळं ऊन लागल्यासारखी वितळून फांदीवरून लोंबतात, पण तिथे उत्तर दडवून ठेवलेलं नाही. (जाता जाता : हे चित्र अवघं 24 बाय 33 सेंटिमीटरचं आहे. पडद्यावर पाहून अभिप्रायांत ‘भव्य’ आलं असेल तर ते पडद्याचं श्रेय.)

‘अतिवास्तव’ हा रुळलेला शब्द आहे आणि तोच ठेवावा. फक्त यातला ‘अति’ ‘अति झालं’मधला नाही, ‘अतींद्रिय’मधला आहे, म्हणजे पलीकडचा. हुबेहूब फोटोसारखं चित्र पाहून कुणी ‘अतिवास्तव’ लिहिलं असेल तर तो पहिला ‘अति’ समजावा आणि शब्द बदलावा.

शैलीचं नाव झालं, पण पाहणाऱ्याला होतं काय? माग्रित या बेल्जियन अतिवास्तववादी चित्रकाराने एक विषय अनेकदा रंगवला. खाली रात्रीची गल्ली, दिव्याचा एकच खांब, आणि वर भर दुपारचं निळं आकाश. एकही वस्तू अनोळखी नाही आणि तरी आपण कुठे उभे आहोत ते कळत नाही. यासाठी आपल्या गावाकडे तयार शब्द आहे, ‘चकवा’. रात्री स्वतःच्याच शिवारात माणसाची वाट चुकते, बांध ओळखीचा, बाभूळ ओळखीची, पण चालून चालून तो पुन्हा त्याच विहिरीपाशी येतो. तेव्हा त्याला चकवा लागला असं म्हणतात. ओळखीचं परकं होणं आणि फिरून तिथेच येणं, दोन्ही एका शब्दात आहेत. क्रियापद मात्र जपा. ‘चकवा देणारं चित्र’ म्हटलं की हुलकावणी झाली. ‘पाहताना चकवा लागल्यासारखं होतं’ असं लिहा.

संगीत आणि चित्रं यांना एकच शब्द लावणाऱ्यांचं फार चुकलं नाही, हेही सांगायला हवं. 1924 साली ब्रेतों या फ्रेंच कवीने पॅरिसमध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला, पण तो शब्द त्याआधीचा आहे. मे 1917 मध्ये ‘पराद’ या नृत्यनाट्याच्या परिचयपत्रिकेत आपोलिनेर या कवीने तो वापरला, आणि त्या नृत्यनाट्याचं संगीत सातीचं होतं. त्याच सातीने 1890 च्या सुमारास ‘न्योसियेन’ नावाच्या पियानोरचना केल्या. पहिल्या तिन्हींत आवर्तनांच्या उभ्या रेघाच नाहीत, आणि वादकासाठी सूचना आहेत त्या ‘विचाराच्या टोकावरून’, ‘डोकं उघडा’, ‘सूर पुरून टाका’ अशा. तीच चाल थोड्या फरकाने फिरून येते. इथे ‘चकवा’ संगीतालाही बेधडक लावता येईल.

राहिले बोलीतले अभिप्राय. ते प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नका. मराठीत भावना माणसाकडे चालून येते. मला हुरहूर लागते, मला भरून येतं, मला करमत नाही. नांदेड-हिंगोलीकडे, विदर्भाच्या कडेला ‘गमत नाही’ म्हणतात. कुणी ‘घरी गेल्यावर दोन दिवस गमलं नाही’ असं लिहिलं असेल तर ‘हाँटिंग’चं याहून चांगलं मराठी होणार नाही. त्यात मुदत आहे, कारण नाही, आणि भूतही नाही. ‘जीव लागंना’, ‘करमंना’ हेही जसंच्या तसं अवतरणचिन्हांत घ्या. ‘बेचैनी’ खोडून ‘अस्वस्थता’ करू नका. अस्वस्थतेला दवाखान्याचा आणि मोर्चाचा संदर्भ चिकटलाय. बेचैनी शतकानुशतकं इथल्या उर्दू-दखनीच्या शेजारात वाढली आहे आणि ती गाण्यालाच शोभते.

अहवालातली वाक्यं अशी करता येतील : ‘पियानोचे सूर विरत गेले, पण हुरहूर लावून राहिले.’ ‘शोपँची कातर रचना कितीतरी वेळ मनात घोळत राहिली.’ ‘चित्रं पाहताना ओळखीच्या जागी चकवा लागल्यासारखं झालं.’ शीर्षकात ‘एकल पियानोवादन’ लिहा, ‘एकाकी’ नको. एकल ही वाद्यांची संख्या आहे, एकाकी ही श्रोत्याची अवस्था, आणि ती त्याला सांगू द्या. लेखनाचं म्हणाल तर ‘हुरहूर’मध्ये पहिला हु ऱ्हस्व, दुसरा हू दीर्घ. प्रत्यय लागला की दुसराही ऱ्हस्व होतो : हुरहुरीने, हुरहुरीला.