बँकॉकची पहिली भेट : आधी मुक्काम ठरवा, मग यादी

प्रश्न : गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर, जानेवारीच्या अखेरीस, मी, पत्नी आणि सत्तरी ओलांडलेली माझी आई बँकॉकला जाण्याच्या विचारात आहोत. परदेशी जाण्याची आमची ही पहिलीच वेळ. हाती चार दिवस आहेत. राजवाडा, वाट फो आणि वाट अरुण ही बौद्ध मंदिरे, चाटुचाक बाजार, तरंगता बाजार, अयुथया आणि पट्टाया अशी यादी केली आहे. आई शाकाहारी असून कांदा-लसूणही खात नाही. हे सारे कसे बसवावे?
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : यादीत काय ठेवायचे हे ठरवण्यापूर्वी उतरायचे कोठे हे ठरवा. बँकॉकमध्ये किलोमीटर पाहून वेळेचा हिशेब करता येत नाही; संध्याकाळच्या कोंडीत चार-पाच किलोमीटरसाठी टॅक्सीत तासभरही जाऊ शकतो. मात्र 1999 मध्ये सुरू झालेली उन्नत रेल्वे, म्हणजे बीटीएस, 2004 पासून धावणारी मेट्रो आणि चाओ फ्राया नदीतल्या प्रवासी बोटी यांना या कोंडीची झळ लागत नाही. म्हणून स्थानकापासून आईंना चालत जाता येईल असेच हॉटेल घ्या, मग ते थोडे महाग पडले तरी चालेल. माझी पसंती सिलोम भागाला आहे. तेथे भारतीय उपाहारगृहे आहेत, मरिअम्मन देवीचे जुने मंदिर आहे आणि बीटीएसच्या सिलोम मार्गावरचे सफान ताक्सिन स्थानक थेट नदीच्या धक्क्याशी उतरवते.

सुवर्णभूमी विमानतळावरून रेल्वेने साधारण अर्ध्या तासात फाया थाई स्थानक गाठता येते आणि पुढे बीटीएस मिळते. परंतु रात्रभरचा प्रवास, बॅगा आणि आईंचे वय पाहता पहिल्या दिवशी मीटरची टॅक्सी करणेच शहाणपणाचे ठरेल. काही विमाने डॉन मुआंग या दुसऱ्या विमानतळावर उतरतात, तेव्हा तिकीट नीट पाहून घ्या. हॉटेलची खोली बहुधा दुपारी मिळते, पण सामान आधी ठेवू देतात.

आता यादी. पट्टाया सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे आणि डामनोएन सादुआकचा प्रसिद्ध तरंगता बाजार सुमारे शंभर किलोमीटरवर. ही दोन्ही नावे मी निःसंकोच खोडून टाकीन. अयुथया ही 1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केलेली सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, जुनी राजधानी रेल्वेनेही गाठता येते. आईंची प्रकृती साथ देत असेल तर तिच्यासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवा. उरलेली ठिकाणे नदीच्या क्रमाने पाहावीत. 1782 मध्ये बांधायला घेतलेला राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो. त्याच वेळी दारात उभे राहा, कारण ती प्रांगणे उघडी आहेत आणि दहानंतर ऊन व गर्दी दोन्ही वाढतात. खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात, त्यामुळे साडी उत्तम. तेथून वाट फो जवळच आहे. 46 मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती पाहून झाली की था तियेनच्या धक्क्यावरून होडीने पलीकडे वाट अरुण गाठावे. एका दिवसाला एवढे पुरे. राजवाड्याबाहेर कोणी आपुलकीने ‘आज बंद आहे, दुसरीकडे नेतो’ असे सांगू लागला तर थांबू नका. अशा टुकटुकच्या, म्हणजे तीनचाकी रिक्षाच्या, फेरीचा शेवट बहुधा रत्नांच्या दुकानात होतो.

जानेवारीत तेथे पाऊस जवळजवळ नसतो, पण हवेत दमटपणा असतो आणि त्या महिन्यांत धूलिकणांचे प्रदूषणही वाढते. आपल्या सोलापूरच्या कोरड्या उन्हाची सवय तेथे फारशी कामास येत नाही. आईंना दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच तिकिटे काढा.

जेवणाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सहलीचा आनंद बहुतेक येथेच बिघडतो. भाजीच्या पदार्थातही ‘नाम प्ला’ हा माशांचा रस घालण्याची तेथे पद्धत आहे, म्हणून मांस नको एवढेच सांगून भागत नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ हे थाई चिन्ह दिसले की तेथे शिरावे. त्या स्वयंपाकात मांस, मासे, अंडी, दूध आणि कांदा-लसूणही नसतो. ते चिन्ह मोबाइलमध्ये जपून ठेवा. सोबत कडक भाकरी आणि लसूण न घातलेली शेंगाचटणी अवश्य न्या, पण चटणी केबिनमध्ये न ठेवता मोठ्या बॅगेत भरा.

भारतीयांसाठीचे व्हिसाचे नियम अलीकडे बदलत आले आहेत, तेव्हा तिकिटांपूर्वी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करा. आगमनाचा ऑनलाइन अर्ज पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो. तो विनामूल्य आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नव्हे.

प्रश्न : आमचा चादरी-टॉवेलचा व्यवसाय आहे. बँकॉकमध्ये कापडाचा घाऊक बाजार पाहायचा असल्यास कोठे जावे?
— एक व्यापारी, सोलापूर

उत्तर : पाहुरात आणि त्याला लागून असलेली सांपेंगची गल्ली पाहावी. पाहुरातमध्ये भारतीय वंशाच्या, विशेषतः शीख व्यापाऱ्यांची कापडाची जुनी दुकाने व मोठा गुरुद्वारा आहे. मेट्रोचे साम योत स्थानक जवळ पडते. तयार कपड्यांसाठी प्रतुनाम बरे, तेथे अनेक दुकानांत तीन नग घेतले तरी घाऊक भाव लागतो. सांपेंगची दिवसाची दुकाने संध्याकाळी लवकर मिटतात, म्हणून तेथे सकाळीच जावे.