नाती तपासायची, तर आकृती तात्पुरती असावी

दादर, मुंबई

सप्रेम नमस्कार.

लोकलच्या पासाच्या सॉफ्टवेअरचे मॉडेल दाखवणारी तुझी मोठी आकृती पाहिली. सगळे क्लास, म्हणजे ‘स्थानक’, ‘मार्ग’ असे घटकांचे प्रकार, एकाच पानावर बसवण्याच्या खटाटोपात रेषा एकमेकींवर चढल्या आहेत आणि काय कशाला जोडले आहे, हे बोट ठेवून शोधावे लागते. ती दस्तऐवजासाठी राहू दे. क्लासमधली नाती तपासायला मात्र दर वेळी कोरी आकृती उघड आणि काम झाले की काढून टाक.

आधी प्रश्न ठरव. समजा, एक स्थानक किती मार्गांवर असू शकते, हे पाहायचे आहे. कोऱ्या आकृतीत फक्त ‘स्थानक’ आण आणि त्याच्याशी थेट जोडलेले घटक मॉडेलिंगच्या टूलकडून मागव. एकच पायरी पुरे. दोन पायऱ्या मागितल्यास निम्मे मॉडेल पुन्हा पानावर येते. तुझ्याकडे ‘मार्ग’च्या टोकाला १ लिहिलेले आहे, म्हणजे एक स्थानक एकाच मार्गावर. आता तिथे दादर लावून बघ. ते पश्चिम रेल्वेवरही आहे आणि मध्य रेल्वेवरही, शिवाय त्याचे कोडही दोन आहेत: मध्यवर डीआर, पश्चिमेवर डीडीआर. म्हणजे एक तर तो आकडा १..* (एक किंवा अधिक) करायला हवा, नाही तर ‘स्थानक’ म्हणजे प्रवाशाचे दादर नव्हे, रेल्वेच्या नोंदीतले एक कोड, असे मानून दोन्ही कोडांना बांधणारा वेगळा क्लास हवा. मी दुसरा पर्याय घेईन, कारण पश्चिमेवरची अंतरे चर्चगेटपासून मोजतात आणि मध्यवरची सीएसएमटीपासून, त्यामुळे अंतराची नोंद कोडाशीच राहिलेली बरी.

एका गोष्टीला मात्र जप. सामाईक मॉडेल (सगळ्या आकृत्यांमागची एकच नोंद) सांभाळणाऱ्या बहुतेक टूलमध्ये आकृती काढून टाकली तरी तिच्यात ओढलेले नवे नाते मॉडेलमध्ये तसेच राहते, आणि पुढे प्रोग्रामच्या कोडची निर्मिती त्यावरून होत असेल तर ते तिथेही उतरते. म्हणून ‘असे जोडले तर?’ हा विचार फळ्यावर कर. टूलमध्ये फक्त असलेले पाहा. उलट, रेषा दिसली नाही म्हणून नाते नाही, असेही समजू नकोस: ती लपवलेली असू शकते किंवा पलीकडचा घटक आकृतीत आणलेलाच नसेल. खात्रीसाठी त्या घटकाची नात्यांची यादी उघड.

आकृती काढून टाकण्यापूर्वी, निघालेला निष्कर्ष आणि दादरचे उदाहरण ‘स्थानक’च्या वर्णनात दोन ओळींत लिहून ठेव.