चौसष्ट वर्षांच्या मामांना ठाण्यात बसवून ठेवता येत नाही

तुमच्या मामेभावाच्या खुनाला वीस दिवस झाले. चौसष्ट वर्षांच्या मामांना रोज ठाण्यात बोलावून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवतात, एफआयआरची प्रत अजून दिलेली नाही आणि काही विचारलं की 'तपास चालू आहे' एवढंच सांगतात, असं तुम्ही लिहिलंय. २०१२ साली जालना जिल्ह्यात बांधाच्या भांडणातून माझ्या मोठ्या भावाचा खून झाला, तेव्हा तसल्याच बाकावर माझे वडील बसायचे. त्यानंतर आसपासच्या तालुक्यांतल्या बऱ्याच घरांसोबत मी ठाण्याच्या पायऱ्या चढलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मामांचं बघा. साक्षीदाराला बोलवायचं तर तपासी अंमलदाराने लेखी बोलवावं लागतं. साठीच्या वरचा पुरुष, कुठल्याही वयाची बाई, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना ते राहतात त्या जागेशिवाय दुसरीकडे हजर व्हायची सक्ती करता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ आहे हे. जबाब पाहिजे तर पोलिसांनी मामांच्या घरी यायचं. बाईसाठी ही सूट जुन्या कायद्यातही होती, पण आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि माझ्या मायला तेराव्याच्या आत तीनदा जीपमधून नेलं.

खुनाच्या रात्री सरकारी दवाखान्यात शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर लिंबाखाली आम्ही बसलो होतो. एक हवालदार जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, "बॉडी कोण ताब्यात घेणार?" मायला तो शब्द कळला नाही. तिनं मला विचारलं, "काय म्हणायलेत रे?" मला सांगता आलं नाही. थोड्या वेळानं दुसरे एक जमादार आले, वडिलांच्या शेजारी खाली बसले, पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाले, "दादा, पोराचं नाव सांगा, मी लिहून घेतो." पंचनामा तोच होता, कागदही तेच होते. वडील शेवटपर्यंत त्या जमादारांचं नाव काढायचे. म्हणून मनुष्यबळ कमी आहे, साहेब बंदोबस्ताला गेलेत, ही कारणं मला पुरत नाहीत. ती खरी असतात, मी पाहिलंय. एकाच अधिकाऱ्याकडे ढीगभर गुन्हे असतात, त्यात मोर्चे, सण, निवडणुका. पण शेजारी बसायला जादा माणूस लागत नाही.

मामांना मुलाच्या चारित्र्याबद्दल, सुनेबद्दल विचारतात म्हणता. हे होणार, त्याची तयारी ठेवा. खुनाच्या तपासात घरच्यांवरही संशय घ्यावा लागतो आणि प्रश्न टाळणारा अधिकारी मला उलट कच्चा वाटतो. चूक होते ती विचारण्याच्या जागेत. चारचौघांत, पोलीस पाटलासमोर असलं विचारलं की दुसऱ्या दिवशी ते पारावर पोचतं आणि मेलेल्या माणसाची बदनामी सुरू होते. 'हे आतल्या खोलीत विचारा' असं मामांनी सरळ म्हणावं. तपासात घेतलेल्या जबाबावर सही घेत नाहीत, हेही लक्षात ठेवा. कोऱ्या कागदावर तर कुणीच, काहीही झालं तरी, सही करायची नाही.

एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला मोफत मिळते, आणि खुनात वारस हाच कायद्याने पीडित. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत तुम्हाला कळवणं याच संहितेच्या कलम १९३ प्रमाणे पोलिसांवर बंधनकारक आहे. तोंडी विचारत बसू नका. अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा डिसेंबर २०२४ मध्ये खून झाला. अख्ख्या महाराष्ट्राचं लक्ष तिथं लागलेलं असताना, तपासाची माहिती मिळत नाही म्हणून जानेवारीत त्यांच्या भावाला पाण्याच्या टाकीवर चढावं लागलं. तुमच्या मामांच्या दारात तर कॅमेरेही नाहीत, त्यांच्या हातात कागदच आहे.

आरोपी अटकेत असतील तर तारखा मोजत राहा. ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर त्यांना जामिनाचा हक्क मिळतो. वकील आत्ताच बघा. न्यायालयाच्या परवानगीने तो सरकारी वकिलाला मदत करू शकतो आणि दोषारोपपत्राची प्रतही त्याच्यामार्फत तुम्हाला मिळते. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नुकसानभरपाईचा अर्जही तिथंच होतो. गुन्ह्यात ॲट्रॉसिटीचं कलम लागलं असेल तर तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे ना, ते आधी पाहा.

अजून एक. मुलाचा मोबाईल मुद्देमालात जमा असेल. माझ्या भावाचाही होता. त्यात मायच्या साठीच्या कार्यक्रमाचे फोटो होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. तो मोबाईल न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागितला की हजर करू अशी हमी लिहून देऊन, परत मागता येतो हे आम्हाला चार वर्षांनी कळलं. हातात आला तेव्हा चालू झाला नाही. तुम्ही वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, तपासाला गरज संपली की लगेच अर्ज करायला सांगा.

आणि आज रात्रीच मामांच्या आधार कार्डावरची जन्मतारीख बघून ठेवा. मामांचं वय दाखवायला उद्याच्या अर्जाला त्याची झेरॉक्स जोडायची आहे.