रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या ऐवजाचा टक्का) २० येतो, तरी उसाच्या टनाला ९० किलोच गूळ पडतोय. गुळव्या बदलावा का?

गुळव्याला, म्हणजे रस आटवून गूळ करणाऱ्याला, हात लावू नका. आधी ऊस पिळणाऱ्या चरकाकडं बघा.

तुम्ही लिहिलंय की ऊस को ८६०३२ जातीचा, बारा महिन्यांचा, रसाचा ब्रिक्स २०. त्याच शिवारातल्या उसाला शेजारच्या गुऱ्हाळात ११५ किलो पडतोय, तुमच्याकडं ९०, आणि घरातली मंडळी म्हणतात गुळव्या बदला. हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही.

हिशेब मांडून बघा. ९० किलो गुळात पाचेक टक्के पाणी धरलं तर बाकीचा ऐवज राहतो साडेपंच्याऐंशी किलो. २० ब्रिक्सच्या १०० किलो रसात तो असतो २० किलो. म्हणजे तुमच्या गुळाला रस लागला ४२८ किलो. उकळताना वर येणाऱ्या मळीत जाणारं, काहिलीला (रस आटवायच्या कढईला) चिकटून राहणारं धरून साडेचारशे म्हणा. तीन लाटांच्या (रोलरांच्या) बऱ्या चरकातून टनाला ६०० किलोच्या आसपास रस यायला हवा. मधला दीडशे किलो रस गुळव्याच्या काहिलीत आलेलाच नाही, मग त्याचा जाब त्याला कसला विचारता?

गुळव्याच्या हातून बिघडतं ते वेगळं. ११८ अंशांच्या आधी काहील उतरवली तर गूळ मऊ पडतो, रवा धरत नाही, पण पाणी जास्त राहिल्यानं वजन उलट वाढतं. उशीर केला तर करपतो, रंग जातो, भाव पडतो. त्यात वजन इकडंतिकडं झालं तर टनाला दोनचार किलो. २५ किलो जायला रस उतू जाऊन चुलवाणात पडायला पाहिजे, आणि तो वास अख्ख्या गावाला येतो.

आमचं गुऱ्हाळ करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठाला. आबा आणि थोरले चुलते तात्या, दोघांचं सामाईक. गुळव्या मामा पन्हाळ्याच्या बाजूचे, आमच्याकडं १९ हंगाम केलेले. थर्मामीटर त्यांनी कधी हातात धरला नाही. पाक गार पाण्यात टाकून गोळी वळायची, ती काहिलीच्या काठावर आपटायची आणि आवाज ऐकायचा. डिप्लोमा करून आल्यावर मी चोरून थर्मामीटर लावून बघायचो. दर आदणाला (काहिलीच्या दर खेपेला) ११७ नाहीतर ११८.

२०१३ च्या दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला आणि उतारा, म्हणजे टनाला पडणारा गूळ, ११२ वरून ९४ वर आला. तात्यांनी त्याच वर्षी आपल्या मेहुण्यांकडून जुना चरक आणून बसवला होता, आधीच्यापेक्षा मोठा. चरकाविषयी कोण बोलणार? एका संध्याकाळी ऊस घेऊन आलेल्या शेतकऱ्यांसमोर तात्यांनी मामांना विचारलं, "मामा, रातच्याला काकवीचं डबं कुठं जात्यात?" मामा काही बोलले नाहीत. चालू आदण पुरं केलं, गूळ वाफ्यात ओतला, हात धुतले आणि त्याच रात्री गाठोडं बांधून गेले. राहिलेली मजुरीसुद्धा मागितली नाही. आबा तिथंच उभे होते. तेही गप्प राहिले आणि मीही. याचं मला आजही वाईट वाटतं.

नवा गुळव्या आला. ११ दिवसांचे आकडे ९३ ते ९५. मग तात्या म्हणायला लागले, यंदा ऊसच हलका आहे.

माझं लक्ष चिपाडाकडं, म्हणजे रस काढून उरलेल्या चोथ्याकडं गेलं. एरवी दोन उन्हांत वाळून जळणारं चिपाड त्या वर्षी चार दिवसांनीही धूरच करत होतं. चिपाडावर गुऱ्हाळाचं जळण भागून थोडं उरायचं, तिथं आम्ही लाकूड विकत आणत होतो. ढिगावर गांधीलमाशा बसलेल्या. मूठभर चिपाड तोंडात घातलं तर चक्क गोड. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर १०० किलो ऊस काट्यावर मोजून घातला. रस निघाला ४७ किलो. तेच चिपाड परत चरकातून काढलं तर आणखी ९ किलो.

वही घेऊन तात्यांकडं गेलो. "चरक माझ्या पाव्हण्याचा हाय म्हणून तुला खुपतोय," एवढंच उत्तर. तीन आठवड्यांनी बेअरिंग गेलं आणि चरक उघडावाच लागला तेव्हा फिटरनं दाखवलं. लाटांच्या खाचा झिजून गुळगुळीत, आणि मागच्या बाजूची फट, जिथं शेवटचा दाब बसतो, तिथं करंगळी सहज जात होती. खाचा परत पाडल्या, फट आवळली. १०० किलोला ५८ किलो रस, उतारा १११. शेत तेच, ब्रिक्स तोच, नवा गुळव्याही तोच.

राहिलेली मजुरी घेऊन मी मामांच्या गावी गेलो. त्यांनी चहा दिला, पैसे मोजून घेतले आणि विचारलं, "आता किती पडतोय?" म्हटलं, १११. "पडायचाच," म्हणाले. परत या म्हटलं तर मान हलवली. तात्या अजूनही लग्नाकार्यात सांगतात की त्या वर्षी ऊस हलका होता. तात्या हे वाचत असतील तर सांगतो, वही माझ्याकडं आहे. कधीही या आणि बघा.

आता तुमचं. १०० किलो ऊस मोजून घाला, रस आणि चिपाड दोन्ही तोला. रस ५५ किलोच्या खाली असेल तर लाटा, खाचा, फट बघा. पट्टा घसरतोय का, चरकाला एकदम जास्त ऊस कोंबतात का, तेही बघा. चरकापासून टाकीपर्यंतच्या पन्हाळीखाली मुंग्या लागल्या असतील तर रस तिथंही गळतोय. चिपाड दोनदा काढायची सवय मात्र लावू नका. मजूर आणि डिझेल परवडत नाही, चरकच नीट करा.

रस ६०० किलो भरूनही गूळ ९० च पडत असेल, तर माझं चरकाचं म्हणणं तुम्हाला लागू नाही. मग तुमचा ब्रिक्स २० नाहीच, १५ च्या आसपास असणार. ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या स्वच्छ पाण्यावर शून्य दाखवतोय का बघा. रस घेताना बुडख्याकडच्या कांड्यांचा घेऊ नका, तो गोडच असतो. पूर्ण मोळीचा मिसळलेला, गाळलेला रस घ्या. आणि ब्रिक्स म्हणजे नुसती साखर नव्हे, रसात विरघळलेलं सगळं त्यात येतं. तोडून तीन दिवस पडलेल्या उसातलं पाणी उडतं, ब्रिक्स चढलेला दिसतो, पण आतल्या साखरेचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होत जातं आणि गूळ चिकट होतो. शिवाय वजन पहिल्या दिवशी आणि गाळप तिसऱ्या दिवशी असेल, तर कागदावर उतारा आपोआप कमी दिसतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या उसाचं गाळप ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, तसल्या उसाला हा कुठलाच हिशेब लागत नाही.

शेजाऱ्याच्या ११५ वर विश्वास ठेवा, तो आकडा खरा वाटतो. टनाला दीडशे सांगणारा भेटला तर त्याच्या काहिलीत साखरेचं पोतं ओतलेलं आहे. २० ब्रिक्सच्या रसात तेवढा ऐवजच नसतो.

उद्या पहिल्या घाण्याला हे वजन करा आणि आकडा इथं लिहा, पुढचं मी सांगतो. तोवर गुळव्याची या आठवड्याची मजुरी पूर्ण द्या.