मोठे कटिंग यंत्र, सॉफ्टवेअर आणि दागिन्यांवरचे कर्ज

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागला राहते. १२ इंची सिल्हूएट कॅमिओ या कागद-व्हिनाइल कापणाऱ्या यंत्रावर रुखवताच्या पाट्या, केक टॉपर, मखराची अक्षरे आणि हळदीच्या पाकिटांची लेबले करून देते. महिन्याला सरासरी २५ हजारांची विक्री होते. आता त्याच कंपनीचे २४ इंची यंत्र १ लाख १० हजारांना घ्यायचे ठरवले आहे. विक्रेता सोबत ३० हजारांचे सॉफ्टवेअर पॅकेज सुचवतो. त्याच्या नूतनीकरणाचे पुढे वर्षाला ८ हजार. ते घ्यावे, कोरलड्रॉ हे रेखाटनाचे विकतचे सॉफ्टवेअर घ्यावे की मोफत सॉफ्टवेअरवर भागेल? दागिने ठेवून २ लाखांचे कर्ज काढणार आहे. उरलेल्या ६० हजारांतून मिस्टरांच्या नावे बँकेने गेल्या वर्षी मुदत ठेवीऐवजी दिलेल्या योजनेचा दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात भरायचा आहे. पैसे एकदाच भरायचे असे समजले होते. पण दहा वर्षे भरायचे आहेत आणि विसाव्या वर्षी दुप्पट मिळणार आहेत.

उत्तर : आधी त्या ६० हजारांविषयी लिहितो, कारण त्या हप्त्याची तारीख जवळ आली आहे. आपल्याला मुदत ठेव म्हणून जे दिले गेले ती आयुर्विम्याची पॉलिसी आहे, आणि मुदत ठेव करायला आलेल्या ग्राहकाला ‘हप्ता दहा वर्षांचा आहे’ हे न सांगता ती विकणे ही सरळ फसवणूक आहे. दरवर्षी ६० हजार याप्रमाणे दहा वर्षांत ६ लाख भरून विसाव्या वर्षी १२ लाख, हा ‘दुप्पट’चा हिशेब वर्षाला जेमतेम साडेचार टक्के पडतो. दागिन्यांवरचे कर्ज दहा टक्क्यांच्या आसपास धरले, तर दहाने घेऊन साडेचारने गुंतवण्याचा हा व्यवहार होतो. शिवाय ते १२ लाख हमीचे आहेत का, हे पाहिलेच पाहिजे. पॉलिसीच्या कागदांत लाभाच्या अंदाजाचे, सहीचे एक पान असते. त्यावर ४ आणि ८ टक्के असे दोन रकाने असतील आणि १२ लाख ८ टक्क्यांखाली छापलेले असतील, तर ती हमी नव्हे, निव्वळ गृहीतक आहे.

भरलेले ६० हजार बुडतील, या भीतीने बहुतेक लोक पुढचे हप्ते भरत राहतात. म्हणून ते पूर्ण बुडाले असे धरूनच हिशेब करू. उरलेले नऊ हप्ते पीपीएफमध्ये भरले आणि १५ वर्षांनी खाते पाच वर्षे वाढवले, तर आजच्या ७.१ टक्क्यांच्या दराने त्याच विसाव्या वर्षी साधारण १५ लाख होतात. हा दर सरकार बदलू शकते. तरीही पहिला हप्ता सोडून देऊन आपण ३ लाखांनी पुढे राहता. प्रत्यक्षात तो सगळा जाणारही नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार नव्या पॉलिसींना पूर्ण एका वर्षाचा हप्ता भरलेला असेल आणि पहिले वर्ष संपलेले असेल, तर काही समर्पण मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारी रक्कम, मिळते. ते किती, हे विमा कंपनीकडून लेखी मागवा आणि त्याच पत्रात चुकीची माहिती देऊन पॉलिसी विकल्याची तक्रार करा. दाद मिळाली नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते; तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

मात्र एक क्रम चुकवू नका. या पॉलिसीत मिस्टरांचे विमा संरक्षण हप्त्याच्या दहापट, म्हणजे ६ लाखांच्या आसपास असावे. घर त्यांच्या पगारावर चालत असेल, तर हे संरक्षण फारच अपुरे आहे. ५० लाखांचा साधा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) चाळिशीतल्या निर्व्यसनी माणसाला साधारणपणे वर्षाला १०-१५ हजारांत मिळतो. तो हातात आल्यावरच जुनी पॉलिसी सोडा. वार्षिक हप्ता तारखेनंतर भरायला ३० दिवसांची सवलत असते. तेवढा अवधी पुरेल.

आता यंत्र. २५ हजार ही विक्री आहे, नफा नव्हे. व्हिनाइल, कार्डशीट, पाती, वीज आणि कुरिअर वजा जाता हातात काय राहते, हे आपण लिहिलेले नाही. पट्टा रुंद झाला म्हणून गिऱ्हाईक दुप्पट होत नाही. गेल्या वर्षी १२ इंचांत बसत नाहीत म्हणून किती कामे परत पाठवली, हे वहीतून काढा. अशी दहा कामे असतील आणि प्रत्येकी दीड हजार सुटत असतील, तर वर्षाचे १५ हजार होतात आणि १ लाख १० हजारांचे व्याजच ११ हजार होते. एवढ्यासाठी दागिने ठेवू नयेत. ती कामे रेडियमच्या दुकानातल्या मोठ्या प्लॉटरवर मजुरीने कापून घ्या.

सॉफ्टवेअरचे उत्तर सोपे आहे. सिल्हूएट स्टुडिओ हे कंपनीचे स्वतःचे सॉफ्टवेअर आपल्या १२ इंची आणि २४ इंची दोन्ही यंत्रांवर चालते, त्यामुळे आजच्या फाइली वाया जात नाहीत आणि आज घेतलेली वरची आवृत्तीही उद्या उपयोगी पडते. मोफत आवृत्तीची मोठी अडचण म्हणजे एसव्हीजी (रेषांच्या रूपात साठवलेल्या चित्राची) फाइल उघडण्यासाठी डिझायनर आवृत्ती लागत आली आहे. ती एकदाच पैसे देऊन मिळते. कोरलच्या फाइली थेट उघडायच्या असतील, तरच बिझनेस आवृत्ती लागते, आणि आपल्या कामात ती गरज मला दिसत नाही. रेखाटनासाठी इंकस्केप हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे. विक्रेत्याचे पॅकेज पाच वर्षांत ६२ हजारांना, म्हणजे यंत्राच्या निम्म्याहून अधिक किमतीला पडते. ते घेऊ नका. भाड्याच्या सॉफ्टवेअरच्या अटी मध्येच बदलू शकतात, हेही ध्यानात असू द्या. २०२१ मध्ये क्रिकट या कटिंग यंत्रांच्या दुसऱ्या कंपनीने सभासदत्व न घेणाऱ्यांना महिन्याला वीसच फाइली चढवता येतील असे जाहीर केले होते आणि ग्राहक संतापल्यावर ते मागे घेतले.

कोणत्याही सॉफ्टवेअरसाठी पैसे देण्यापूर्वी त्यात ‘शुभविवाह’ टाइप करून अक्षरे वेल्ड करा, म्हणजे जोडून एकसंध करा, आणि कागदावर कापून पाहा. शिरोरेघ सलग राहिली पाहिजे. पाते प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर आडवे फिरले, तर पाटी चिकटवताना अक्षरे सुटी होतात. पुढच्या लग्नसराईभर १२ इंचांहून रुंद कामांची नोंद वेगळ्या पानावर ठेवा. त्यांतून वर्षाला ५० हजार सुटू लागले, तर यंत्र घ्या आणि तेव्हा दागिन्यांऐवजी छोट्या व्यवसायांसाठीच्या सरकारी मुद्रा योजनेतील ‘किशोर’ गटाचे कर्ज मागा. त्याला तारण लागत नाही.