नर्सिंगला नवीन आहे, नातेवाईक अंगावर ओरडले की डोळ्यांत पाणी येतं. प्रोफेशनल इमेज कशी सांभाळू?

इस्त्रीचा युनिफॉर्म, कापलेली नखं हे हवंच गं, पण लोकांच्या लक्षात राहतं ते तू ओरडण्याला काय उत्तर दिलंस ते.

आपल्याकडे कोकणात लाल विंचू चावलेला पेशंट येतो, दरदरून घाम, हातपाय गार, आणि सोबतचा भाऊ "डॉक्टर खंय गेले?" म्हणून टेबलावर हात आपटत असतो. तो उद्धट नसतो, घाबरलेला असतो, कारण विंचवाने माणसं गेलेली इथल्या घराघरांत ऐकलेली आहेत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनची गोळी वापरायला लागल्यापासून पुष्कळ जीव वाचले, तरी भीती काही गेलेली नाही. अशा वेळी "शांत व्हा" अजिबात म्हणू नकोस, त्याने माणूस जास्तच भडकतो. बीपीचा पट्टा बांधता बांधताच सांग, "दादा, गोळी दिलीय, मी परत परत बीपी बघणारे, तुम्ही यांच्याजवळच बसा, श्वासाला त्रास वाटला तर लगेच मला हाक मारा." हाताला काम मिळालं की आवाज बहुतेक वेळा खाली येतो. "काही होणार नाही" असं वचन मात्र देऊ नकोस, ते आपल्या हातात नसतं.

आणि कुणी हात उगारला तर सहन करत बसायचं नाही, मागे हो, सिक्युरिटीला बोलव, लेखी तक्रार दे, दवाखान्यातल्या लोकांवर हात उगारण्याविरुद्ध महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे. रडू आलं तर ड्युटी संपल्यावर सिनियर सिस्टरशी मोकळेपणाने बोल, त्यात कमीपणा काहीच नाही.