वाचक विचारतात : पाणी कोणाचं, पीक कोणाचं

मागच्या अंकात संशोधनाला पैसा देणाऱ्या जर्मनीच्या डीएफजी या संस्थेचा दोन ओळींचा उल्लेख आला होता, त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. केळीच्या भावावर लिहिलं तेव्हापण एवढी आली नव्हती. त्यातली चार घेतोय.

फैजपूरहून पीएचडी करणारी एक ताई विचारते : आमचे सर म्हणतात डीएफजी नावाची जर्मन संस्था दरवर्षी संशोधनाचे हजारो पेपर काढते. तिच्या लॅबमध्ये आपल्याला जागा मिळेल का?

ताई, तिला लॅबच नाहीये. सरांची गफलत झालीये, आणि ती बऱ्याच जणांची होते कारण कोणाचे किती पेपर याच्या याद्यांमध्ये तिचं नाव मोठमोठ्या संशोधन संस्थांच्या शेजारीच असतं. डीएफजी म्हणजे डॉइच फोर्शुंग्सगेमाइनशाफ्ट (एकदा जोरात म्हणून बघा, जीभ मोकळी होते). ऑफिस बॉन शहरात, कायद्याने एक नोंदणीकृत संघटना, सभासद कोण तर विद्यापीठं, संशोधन संस्था, अकादम्या. पैसा मुख्यतः तिथल्या केंद्र सरकारचा आणि राज्यांचा, वर्षाला 4 अब्ज युरोच्या आसपास, आणि तो वाटायचा कोणाला हे शास्त्रज्ञच ठरवतात. स्वतःच्या लॅब असलेली ती माक्स प्लांक सोसायटी, ती वेगळी.

आपल्या भाषेत सांगायचं तर डीएफजी म्हणजे पाटबंधारे खातं. गिरणेचं आवर्तन सुटतं, चारीला पाणी येतं, पण कापूस पिकवतो शेतकरी. आता खात्याने किती क्विंटल कापूस पिकवला असं कोणी विचारलं तर काय सांगाल? तरी विचारतात. आणि आकडा निघतो तो असा की पेपरच्या शेवटी आभाराची ओळ असते, अमुक प्रकल्प क्रमांकाखाली डीएफजीची मदत मिळाली, त्या ओळी कॉम्प्युटर गोळा करतो आणि मोजतो. एकाच पेपरात डीएफजीचे आभार, युरोपियन युनियनचे आभार आणि आणखी एखाद्या फाउंडेशनचे आभार असले तर तो पेपर तिघांच्याही खात्यात जमा. एकाच शेताचा सातबारा तीन नावांवर!

चोपड्याचे एक निवृत्त शिक्षक लिहितात : एवढा पैसा ओतून निघालं काय, ते सांगा. पेपर नकोत.

सर, हे आवडलं.

सुरुवात 1920 ची. पहिलं महायुद्ध हरलेलं, मार्कची किंमत घसरत चाललेली, लॅबना साधी उपकरणं परवडेनात, तेव्हा ही संस्था निघाली. तेव्हाच्या नावातच अडचण होती, नोटगेमाइनशाफ्ट म्हणजे संकटकाळची संघटना. (त्याच्या चार वर्षं आधी, 1916 ला, आपल्या अमळनेरात प्रतापशेठनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं होतं, स्वतःच्या पैशातून, हे आपल्या पोरांना कोणी सांगत नाही.) ही जर्मन संस्था काढणाऱ्यांमध्ये फ्रिट्झ हाबर होता. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करणारा तोच, आज आपण कपाशीला युरिया टाकतो तो त्याच शोधाच्या जिवावर, आणि युद्धात विषारी वायू वापरायला पुढे असलेलापण तोच. त्याच्या डोक्यात होतं की समुद्राच्या पाण्यातून सोनं काढायचं आणि युद्धाची भरपाई फेडायची. वर्षानुवर्षं नमुने तपासले, सोनं इतकं कमी निघालं की नाद सोडावा लागला.

पण याच संस्थेच्या मदतीने मेटेओर नावाचं जहाज 1925 ते 27 दक्षिण अटलांटिकमध्ये इकडून तिकडे फिरलं, आवाज खाली सोडायचा, तळाला आपटून परत यायला किती वेळ लागला ते बघायचं आणि त्यावरून खोली काढायची, अशा 67 हजारांवर नोंदी केल्या. तोवर बऱ्याच जणांना समुद्राचा तळ म्हणजे सपाट वावर वाटायचा, तो निघाला सातपुड्यासारखा खडबडीत, मधोमध डोंगरांची लांबच लांब रांग. पृथ्वीवरचे खंड सरकतात म्हणणाऱ्या आल्फ्रेड वेगेनरची 1930 ची ग्रीनलंड मोहीमपण यांच्याच पैशावर गेली. तो तिथेच बर्फात मेला, आणि त्याचं म्हणणं लोकांनी मान्य केलं ते आणखी तीसेक वर्षांनी. तुम्ही 1931 ला हिशोब मागितला असता तर काय दाखवलं असतं त्यांनी?

आणि सर, निघालं काय म्हणताय तर वाईटपण सांगायला पाहिजे. हिटलरच्या काळात याच संस्थेने पूर्व युरोपातल्या लोकांना हाकलून तिथे जर्मन वसवायच्या योजनेला पैसा दिला, आउशवित्झच्या कैद्यांच्या रक्ताचे नमुने वापरणाऱ्या संशोधनालासुद्धा दिला. पुढे संस्थेने स्वतःच इतिहासकार बसवून हे सगळं बाहेर काढलं. तेसुद्धा आउटपुटच.

नंतरच्या काळातलं एक, केळीवाल्यांसाठी. पिकलेल्या केळावर बारकी चिलटं घोंगावतात ना, त्या जातीच्या माशीवर क्रिस्टिआने न्युसलाइन-फोलहार्ड या बाईंनी काम केलं, अंड्यातून जीव घडताना डोकं कुठे शेपूट कुठे हे कोणते जीन (जनुकं) ठरवतात ते शोधलं. डीएफजीचं लायब्निट्स पारितोषिक 1986 ला पहिल्यांदा दिलं तेव्हा त्या यादीत या होत्या, नोबेल आलं 1995 ला. डीएफजीने मिरवावं का? मिरवतात. पण नोबेलचं मूळ काम आधीच हायडेलबर्गला दुसऱ्याच संस्थेच्या लॅबमध्ये झालेलं. म्हणून म्हणतो, पाणी कोणाचं आणि पीक कोणाचं हे सोडवायला बसलात तर बांधावरची भांडणं बरी.

धुळ्याचे एक प्राध्यापक : प्रमोशनसाठी आमच्याकडे पेपर मोजतात. जर्मनीत मोजत नाहीत, हे खरं की सांगीवांगी?

मोजणारे तिकडेपण आहेत भो, पण डीएफजीने 2010 ला ठरवलं की अर्जासोबतच्या बायोडेटात स्वतःचे फक्त 5 महत्त्वाचे पेपर लिहायचे. आता 10 चालतात, शिवाय डेटासेट, सॉफ्टवेअर अशी इतर कामं 10 पर्यंत वेगळी. इम्पॅक्ट फॅक्टर आणि एच-इंडेक्स (जर्नलचा आणि संशोधकाचा दुसऱ्यांनी किती दाखला दिला, त्यावरून काढलेले आकडे) लिहायची गरज नाही, लिहिलं तरी धरत नाहीत. म्हणजे तपासणाऱ्याने पेपर उघडून वाचायचा, याला पर्याय ठेवलेला नाही.

आपल्याकडे यूजीसीने 2022 च्या नियमांत पीएचडीआधी पेपर छापायची सक्ती काढली, तरी धाक गेलेला नाही. माझ्या भाच्याचंच सांगतो. व्हॉट्सॲपवर जाहिरात आली, 5 दिवसात छापून देतो, याने अडीच हजार पाठवले, पेपर आला, त्यात याचं आडनाव चुकलेलं आणि टेबल नंबर तीन दुसऱ्याच कोणाच्यातरी पेपरचा! विषय याचा मातीतला जस्त, टेबलात शाळकरी मुलांची उंची. स्पायरल बाइंडिंग करून जमा केला, कोणी उघडलासुद्धा नाही, मार्क मिळाले. सांगताना भाच्याला हसू येत होतं, मला नाही आलं.

शहाद्याहून एक पालक : मुलगी एमएस्सी करतेय, जर्मनीत पीएचडीला जायचं म्हणते. डीएफजीचा फॉर्म कुठे मिळेल?

मिळणार नाही, कारण पीएचडीसाठी विद्यार्थ्यांना थेट पैसे डीएफजी देत नाही. विद्यार्थ्यांच्या स्कॉलरशिपसाठी डाड (DAAD) नावाची वेगळी संस्था आहे, तिकडे बघा. पण डीएफजीच्या पैशावर विद्यापीठांमध्ये ग्राडुइयर्टनकोलेग चालतात, एका विषयावरच्या पीएचडीवाल्यांचा मोठा गट, आणि त्या जागा विद्यापीठच जाहीर करतं. डीएफजीचा गेप्रिस (GEPRIS) नावाचा डेटाबेस सगळ्यांना खुला आहे, त्यात मुलीने आपला विषय टाकावा, कोणाला कशासाठी पैसा मंजूर झालाय ते इंग्रजीतूनही दिसतं. त्यातले दोन-चार प्राध्यापक निवडून त्यांचे पेपर खरंच वाचावेत आणि मग मेल करावा. 'रिस्पेक्टेड सर' करून शंभर जणांना एकच मेल पाठवू नये, आणि त्यातला कोण सर आहे न कोण मॅडम, तेवढं तरी आधी बघून घ्यावं.